दीडच्या रेघेवरची गोळी

दि. ३ मार्च

चिमणे,

मामाचा आशीर्वाद घे आणि आधी चष्मा शोध; माझं अक्षर हल्ली माझ्यासारखंच वाकून चालतं.

तुझी आई, माझी अक्का, परवा इस्पितळातून घरी आली. बरी आहे. पाच दिवसांत तिने तिथल्या मोठ्या डॉक्टरांनाही पाव नीट भाजलाय की नाही हे वासावरून कसं ओळखायचं ते शिकवलं. चार शब्द, मग दम, पुन्हा चार शब्द, अशा तुकड्यांनी, पण शिकवलं.

घरात काय काय बदललं, असं तू फोनवर विचारलंस. तू तिच्यासाठी ठेवलेल्या सिस्टरने चार महिन्यांत पुष्कळ बदललं. ओट्यापाशी उंच स्टूल आलं, म्हणजे अक्का बसून भाजी चिरते. डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीला उतरले. आंघोळीनंतर अंग पुसण्यातच तिला धाप लागायची, म्हणून आता टॉवेलच्या जाड कापडाचा झगा घालायचा आणि नुसतं बसून राहायचं. दम लागला की टेबलावर उशी, उशीवर कोपरं, पुढे वाकायचं, आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांच्या चंबूतून श्वास सोडायचा. तोंडावर छोटा पंखा. "आजी, घ्यायची घाई नको, सोडायची तर मुळीच नको," असं सिस्टर सांगते. यात कविता आहे असं मी म्हणालो, तर अक्का म्हणाली, "कविराज... आधी पंखा... इकडे वळवा."

ती असं म्हणाली की मी साठ-पासष्ट वर्षं मागे जातो. आई गेल्यावर अक्कानेच मला वाढवलं, हे तुला किती वेळा सांगितलं असेल! ती भट्टीच्या तोंडाशी पाव काढायची, मी पिठाच्या पोत्यावर बसून शाळेतल्या कविता पाठ करायचो. मी अडलो की पाठमोरीच पुढची ओळ सांगायची. ती नदीची आठ ओळींची कविता तर ती एका दमात म्हणायची, आणि वर हसायची. त्या भट्टीचा धूर आज तिच्या छातीत बसला आहे. धुराला काय ठाऊक, कोणाच्या छातीत शिरतोय!

आता अक्काला इस्पितळात न्यावं लागलं त्या दुपारबद्दल. ऑक्सिजनच्या यंत्रावर काचेची नळी असते, तिच्यात एक बारीक गोळी तरंगते; ऑक्सिजन वाढवला की ती वर चढते. ती दीडच्या रेघेवर हवी. त्या दुपारी चारवर होती. डॉक्टर म्हणाले, अशा जुनाट आजारात ऑक्सिजन फार झाला तर आतली वाईट हवा साचते आणि माणूस गुंगीत जातो. गोळी कोणी वाढवली ते कळलेलं नाही. अक्का आधाराशिवाय यंत्रापर्यंत पोचत नाही. यंत्र सिस्टरच्या ताब्यात असतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बाकी तू शहाणी आहेस.

ऊन छान पडलं आहे. समोरच्या शिंप्याने दुकानाला निळा रंग दिला. अक्काला तो अजिबात आवडलेला नाही.

तुझा मामा


दि. ११ मार्च

चिमणे,

आशीर्वाद. या पत्रात उन्हाची आणि शिंप्याची खबर नाही.

तू सिस्टरला कामावरून काढलंस, हे मला तिच्याकडूनच कळलं. रविवारी गाडी घेऊन येणार आणि अक्काला तुमच्याजवळच्या वृद्धनिवासात ठेवणार, खोली ठरवून झाली, हे तुझ्या फोनवरून. "त्या घरात आई सुरक्षित नाही," हे तुझं वाक्य फोनच्या कर्ण्यातून तिनेही ऐकलं. ओट्याच्या कडेवरून नुसता हात फिरवला, पीठ झटकावं तसा.

सोमवारी सिस्टर तिचा अ‍ॅप्रन न्यायला आली. मला वाटलं, भांडेल. मी भांडणाचीच वाट बघत होतो, खरं सांगतो. पण तिने मला यंत्रापाशी उभं केलं. "काका, नाकातली नळी कोमट पाण्यात धुवायची. जाळी आठवड्यातून एकदा. पंपाचं औषध ओढलं की आजींना चूळ भरायला लावा, त्या चुकवतात." तीन वेळा सांगितलं, तीन वेळा माझ्याकडून म्हणवून घेतलं. मग दारात चपला घालताना, वर न बघता, "मी गोळीला हात लावला नव्हता. तुम्हाला त्या दिवशी एकदा विचारलं. आता परत नाही विचारत."

चिमणे, गोळी मी वाढवली.

कशी, ते सांगतो, म्हणजे तुला राग धरायला नेमकी जागा मिळेल. सिस्टर दर दुपारी अक्काच्या बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावते आणि वहीत आकडा लिहिते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव पुरे, त्याच्यावर नेऊ नका. मी ऐकलं होतं. पटलं मात्र नव्हतं. शंभरातले अठ्ठ्याऐंशी! माझ्या अक्काला! मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसावर हे लोक समाधान मानून घेतात. आणि माझी स्वतःची एक मोजणी होती. रोज मी तिच्याकडून नदीची कविता म्हणवून घ्यायचो. पूर्वी दोन ओळी एका श्वासात यायच्या, मग एक. त्या दुपारी पहिली ओळसुद्धा मधे तुटली. ती म्हणाली, "राहू दे रे... नदी आटली." हसली. मला ते हसणं सोसलं नाही.

सिस्टर औषधाच्या दुकानात गेली होती. तिने यंत्रावर कागद चिकटवला होता, 'दीड. हात लावू नये.' मी कागद वाचला आणि हात लावला. आधी दोन. मग तीन. चारवर चिमट्यात सत्त्याण्णव आले. मी मोठ्याने म्हणालो, "अक्का, वर्गात पहिली!" तिने पूर्ण ओळ म्हटली. मग दुसरी. मग तिचे डोळे जड झाले. गाल लाल दिसत होते. मला वाटलं, तरतरी आली. डोकं दुखतंय असं पुटपुटली, मला वाटलं, दमली. झोपू दिलं. कित्येक महिन्यांत ती इतकी शांत झोपली नव्हती. मी शेजारी बसून हळू आवाजात पुढच्या ओळी म्हणत राहिलो. ती बुडत होती, आणि काठावर बसून मी नदीची कविता म्हणत होतो.

सिस्टर परत आली ती पिशवी टाकूनच धावली. गालावर थापट्या मारल्या, गोळी खाली आणली, रुग्णवाहिका बोलावली. सगळं एकटीने. मी दार धरून उभा. "काका, तुम्ही हात लावलात का?" मी म्हणालो, "छे!" इस्पितळात डॉक्टरांनीही विचारलं, कोणी वाढवला? मी काही बोललो नाही. फक्त सिस्टरकडे बघितलं. चिमणे, नुसतं बघितलं. तेवढं पुरलं. उरलेलं काम मी तुला तीन तारखेच्या पत्रात करून दिलं.

भीती कसली होती, तेही सांगतो. तू म्हणशील, मामाच्या हाती आई नको. अक्काशिवाय या घरात मी काय करू?

काल अक्काला सांगितलं. ती खिडकीत बसली होती, तोंडावर पंखा. ऐकून घेतलं. मी चिमटा आणायला उठलो.

"बस खाली," म्हणाली. "त्या पोरीने... मला चार महिने... न्हाऊ घातलं."

"हो."

"आणि तू... तिचं नाव पुढे केलंस."

"नाव नाही घेतलं गं मी."

"तेच तर." मग बराच वेळ चंबू करून श्वास सोडत राहिली. "भट्टीवर एकदा... तू ताटभर पाव जाळलेस. दोष मी घेतला. तू नऊ वर्षांचा होतास म्हणून. आता... किती वर्षांचा आहेस?"

मी वय सांगितलं. बहात्तर. ती हसली नाही.

"चिमणीला लिही. फोन नको. फोनवर तू... कविता करशील. आणि टाकायच्या आधी... मला वाचून दाखव."

आधी मी सिस्टरच्या घरी जाऊन आलो. दोन जिने चढून, तिच्या सासूसमोर, सगळं बोललो. तिने पाणी दिलं. म्हणाली, "ताईंनी स्वतः बोलावलं तर येईन. आजींसाठी. आणि काका, तुम्ही त्या यंत्रापासून चार हात लांब." तू तिला फोन कर. माझ्या वतीने नको, तुझ्या वतीने कर. आणि डॉक्टरांनाही खरं कळव. मी शुक्रवारी त्यांना भेटतो आहेच.

इथपर्यंत अक्काला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिने मला थांबवलं आणि शब्द खोडायला लावले. दोन्ही ठिकाणी मी स्वतःची कीव करत होतो. मग "ठीक" म्हणाली आणि डोळे मिटून बसली. बोटाचा आकडा नव्वद आहे. मी तो जसा आहे तसाच वहीत लिहिला.

पुढचं तिला वाचून दाखवणार नाही.

रविवारी गाडी आण. पण ते स्टूल, ते कमरेच्या उंचीचे डबे, खिडकीतली खुर्ची, सगळं त्या पोरीने अक्काच्या श्वासाच्या मापाने लावलं आहे. ते तिकडच्या खोलीत पुन्हा कोण लावणार? या घरात तिच्या जिवाला धोका एकाच गोष्टीचा होता, आणि ती गोष्ट उचलून नेता येते. माझ्या खोलीत सिस्टरची राहायची सोय होईल. तू वृद्धनिवासात ठरवलेली ती खोली माझ्या नावावर कर. माझी पेटी भरून पलंगाखाली ठेवली आहे. अक्काला विचारशील तर ती नको म्हणेल. म्हणून तिला विचारू नकोस, मला विचार.

मी हो म्हणतो आहे.

तिने वाढवलेला,
तुझा मामा