न दिसलेल्या दिव्याचं बटण

आप्पा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही. आज पिंपरीच्या दवाखान्यात, तुम्ही बसला होतात तसल्याच मशीनपुढे मी हनुवटी टेकवून बसले होते. एका डोळ्यावर पट्टी, समोर पांढरा अर्धगोल, हातात बटण. नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची आणि कडेला कुठे बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. काचबिंदूने नजर कुठवर खाल्ली ते त्यावरून कळतं.

तुम्ही मात्र तिथेही प्रेसशॉपच चालवलंत. चाकणच्या कंपनीत पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर, तिच्या धडधडीच्या ठेक्यात वीस वर्षं बटणं दाबलेला माणूस. दिव्यांचाही ठेका धरलात. संत तुकाराम नगरच्या आपल्या स्वयंपाकघरात चहा पिताना मिशीत हसत सांगितलंत, "ठेका कळला की दिसायची गरजच न्हाई." दिवा नसताना तुम्ही बटण दाबताय हे मशीनने पकडलं होतं. डॉक्टर म्हणाले, ही तपासणी धरता येत नाही, पुन्हा करा. स्कॅनमध्ये डोळ्याची नस पातळ झालेली दिसतेय. तुम्ही पुन्हा गेला नाहीत. प्रेसवरून काढून गेटवर बसवतील ही भीती होती, ती मला समजते. पण स्कॅन माळ्यावर टाकलात आणि तपासणीचा तो पांढराधोप कागद तेवढा आईला दाखवलात; नजर गेलेली जागा त्यावर काळी उमटते. "बघ, कुठं काळं हाय का?"

मग डावीकडचं दिसेना, तेव्हा दोष आईचा. कप सांडला तर तिने कडेला ठेवला म्हणून, स्टुलाला ठेचकाळलात तर तिने वाटेत ठेवलं म्हणून. एकदा पाहुण्यांसमोर तुम्ही तिला म्हणालात, "आंधळी हायेस का?" तिने स्टूल उचलून भिंतीशी लावलं. आपणच वेंधळ्या, असं समजतच ती गेली. तुमच्यामागे माळा आवरताना मला स्कॅनची आणि डॉक्टरांच्या शेऱ्यांची ती फाइल सापडली आणि मी तिथेच बसून तुम्हाला शिव्या घातल्या. हा आजार मुलांत उतरतो, हे तरी सांगायचंत.

तेव्हापासून मी दर सहा महिन्यांनी तपासणी करते, तुमच्यासारखं व्हायचं नाही म्हणून. आज आधी स्कॅन झाला. नस मागच्यापेक्षा पातळ. नंतर मशीनपुढे बसले तर बराच वेळ दिवाच येईना, आणि माझ्या अंगठ्याने बटण दाबलं. तीन-चार वेळा. एवढ्या थोड्या चुका मशीन धरत नाही, कुणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टर म्हणाले, नजर आहे तेवढीच आहे. मी मान डोलावली.

हे पत्र तुमच्याच फाइलमध्ये ठेवतेय, दुसरीकडे कुठे पाठवणार? संध्याकाळी घरी स्टुलाला पाय लागला आणि मी लेकीवर ओरडले. ती स्टूल उचलून भिंतीकडे निघाली. मी म्हटलं, "राहू दे, तुझी चूक नाही." मग कुणाची, ते मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही.