माझे एकवीस प्रश्नचिन्हवाले

३ मार्च, दुपारी २
शुद्धलेखन चुकणार, आधीच सॉरी. शाळा नववीत सोडली. टायपिंग पण स्लो, एकाच बोटाने. हे वाचणारा मीच, म्हणजे सॉरी मलाच.
निवडणूक एकोणीस दिवसांवर. आमच्या वॉर्डात अकरा उमेदवार. दहा जण सगळ्यांना माहीत आहेत. अकराव्या आमच्या मॅडम. ड्रायव्हिंग क्लास चालवतात, निशाणी किटली. मी इस्त्री करतो त्या लॉन्ड्रीसमोरच्या गटाराचं झाकण गेलं तेव्हा त्यांनी घरची खुर्ची आणून त्या भोकावर ठेवली, वर लाल कापड बांधलं. चार महिने कुणी पडलं नाही. अशा बाईला मत नाही द्यायचं तर कुणाला.
मॅडमनी आज मतदारांची यादी दिली. ज्यांचं अजून ठरलेलं नाही त्यांच्या नावापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह. आमच्या बूथवर असे बेचाळीस. एकवीस माझे, एकवीस कुरियरचे. पटला की टिक करायची. जो जास्त टिका आणेल तो मतदानाच्या दिवशी बूथवर मॅडमचा प्रतिनिधी. आत बसायचं, गळ्यात बिल्ला, बिल्ल्यावर फोटो.
मला डिसेंबरमध्येच अठरा पूर्ण झाली, यादीत नाव पण आलं. बिल्ला माझाच.

४ मार्च
कुरियर म्हणजे पार्सलवाला. वीस वर्षांचा. केसांना जेल. दारात उभा राहून काय बोलतो काय माहीत, लोक त्याला पाणी विचारतात, आत बसवतात. माझ्याकडे गिऱ्हाईक मान वर करून बघत पण नाही.
मी जळत नाहीये. माझा मुद्दा वेगळा आहे. मॅडम त्याच्या स्कूटरवर मागे बसून प्रचार करतात. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईने मागे बसायचं, लोकांना काय वाटेल.
आज कुणाशी बोललो नाही. उद्यापासून नक्की.

५ मार्च
प्रॅक्टिस केली. दुकानात टांगलेल्या कोटांसमोर भाषण. काळा, राखाडी आणि एक लग्नातला. कुणी आडवं बोललं नाही. लग्नातला तर पूर्ण पटला होता. तेवढ्यात मागून काका आले. काका म्हणजे दुकानाचे मालक. म्हणाले, साहेब, कोटांना मत नसतं, आणि तो राखाडी आज द्यायचाय.

७ मार्च
पहिला मतदार. पेन्शनवाले आजोबा, तीन शर्ट. मी एका दमात म्हणालो, आजोबा, यंदा किटली. ते म्हणाले, नको रे, आत्ताच चहा घेऊन आलो. मी म्हणालो बरं.
नाराज दिसले नाहीत. टिक.

८ मार्च
कुरियरच्या सहा टिका. मॅडमनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाल्या, राजा, तू तर दगडाला पण बोलतं करशील. मग माझ्याकडे वळल्या, तुझं किती? मी म्हणालो नऊ. तोंडातून निघून गेलं.
मॅडम म्हणाल्या, बघा, शांत पोरगं काम करून बसलंय.
घरी येऊन नऊ नावांवर टिक केली. शब्द दिला की पाळायचा.

१० मार्च
नवीन पद्धत. बोलायचंच नाही. मॅडमचं पत्रक शर्टाच्या खिशात घालून द्यायचं, माणूस घरी जाऊन निवांत वाचेल. पण इस्त्री झाल्यावर खिसा उघडला की चुरगळतो. म्हणून आधी पत्रक, मग वरून इस्त्री, जरा जास्त वाफ. एकदम सपाट बसतं. ही अक्कल कुरियरला नाही. त्याला नुसतं तोंड आहे.

११ मार्च
कुरियर दुकानात आला. म्हणाला, भावा, तुझ्या यादीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पार्सल होतं, तुझ्यासाठी दोन शब्द टाकलेत, जवळजवळ तयार आहेत, तू फक्त एकदा तोंड दाखव.
किती आगाऊ. बघतो म्हणालो. गेलो नाही. त्याची उष्टी टिक मला नको.

१३ मार्च
छपाई स्वस्तातली निघाली. वाफेने शाई कापडात उतरली.
आजोबा शर्ट घेऊन आले. छातीवर निळी किटली, उलटी. म्हणाले, माझं अजून ठरत नव्हतं, तुम्ही परस्पर ठरवून छापून पण टाकलंत.
त्यांच्यामागे डॉक्टरीणबाई. पांढऱ्या कोटावर किटली घेऊन सकाळपासून लोकांचे दात बघत होत्या. तोंड उघडून पडलेल्या पेशंटला बोलता येईना, तो नुसता बोट दाखवत होता. बाई त्याला म्हणत होत्या, दाढ दाखवा, मला काय दाखवताय.
काकांनी सगळे डाग मलाच घासायला लावले. तीन वाजल्यापासून घासतोय. जात नाहीत.
पण चर्चा झाली. निशाणी सगळ्यांच्या लक्षात राहिली. एकवीसच्या एकवीस टिक.

१६ मार्च
आज एक बाई कपडे न्यायला आल्या. म्हणाल्या, तुमचा तो पार्सलवाला मुलगा किती गोड बोलतो नाही. मी म्हणालो, हो, पण पार्सल उघडलेलं नाही ना ते बघून घेत जा. एवढंच. वाईट हेतू नव्हता. बाईंच्या कपाळावर आठी आली. त्या पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघून बोलल्या.
संध्याकाळपर्यंत अजून तिघांना म्हणालो. एवढं मी आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो. भीड चेपतेय.

१८ मार्च
लोक कुरियरला दारात उभं करत नाहीत. पार्सल हलवून, कानाशी लावून बघतात. काल एकाने त्याला तोंडावर सांगितलं, मॅडमची माणसं अशी असतील तर आमचं मत राहू दे.
मॅडमनी विचारलं, हे कुणी पसरवलं असेल रे? मी म्हणालो, लोक काही पण बोलतात.
कुरियर कोपऱ्यात बसला होता. जेल नव्हतं लावलं. त्याने मलाच विचारलं, तुला तरी असं वाटतं का? मी नाही म्हणालो. खरंच वाटत नाही.
त्याच्या टिका एक. माझ्या एकवीस. आता बिल्ला कुणाचा हे वेगळं सांगायला नको.

२० मार्च
बिल्ला कुरियरला.
मॅडम म्हणाल्या, त्याचं नाव उगाच खराब झालंय, सगळ्यांसमोर त्याला मानाने बसवलं पाहिजे. तुझी एकवीस मतं पक्की आहेत, तुला बिल्ल्याची काय गरज. तू मोठ्या मनाचा आहेस, समजून घेशील.
मी मान हलवली. मन मोठं असण्याचा हा तोटा.

२२ मार्च, सकाळी १०
मतदान केलं.
कुरियर आत बसला होता. शर्ट कडक, इस्त्री माझ्याच हातची. बिल्ल्यावरचा फोटो पण चांगला आलाय. मला बघून अर्धा उठला, हसला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आला बघा आमचा एकवीसवाला.
किटली वरून सातवी. बोट तिथपर्यंत नेलं. आडोशापलीकडून त्याच्या हसण्याचा आवाज आला. मग बोट खाली गेलं, आणि सगळ्यात शेवटचं बटण दाबलं. कोणीच नको, ते.
एका मताने काय होतंय. माझे एकवीस आहेत.

२४ मार्च
आमच्या बूथवर मॅडमना दोन मतं. त्यांचं स्वतःचं नाव दुसऱ्या बूथवर.
यादी शाळेच्या फाटकावर लावली होती. दोनच्या पुढे आकडा पुसला गेला असेल म्हणून बोट फिरवून बघितलं. नव्हता.
दुपारी मॅडम दुकानात आल्या. मी काउंटरखाली वाकलो, पण काका म्हणाले, आहे ना, हा काय इथे. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नको, लोक तोंडावर हो म्हणतात. पण दोन तरी खरी निघाली, एक कुरियरचं आणि एक तुझं. माझा हात हातात घेतला. मी मान खाली घालून काउंटरवरच्या शर्टाची बटणं मोजायला लागलो. त्या काकांना म्हणाल्या, फार लाजतो हो हा.
संध्याकाळी आईला सांगितलं, मॅडमना दोन मतं. आई टॉवेलच्या घड्या घालत होती. म्हणाली, त्यात एक माझं. मी विचारलं, का? म्हणाली, तू हल्ली माणसांशी बोलायला लागलास, म्हटलं बाई चांगली असणार.
यादी काढून बघितली. आईचं नाव माझ्याच एकविसात, एकोणिसावं. तिला मी विचारलंच नव्हतं. टिक मात्र केली होती.
मॅडमना खरं सांगणार. कुरियरला पण. उद्याच. उद्या कपडे जास्त आहेत, परवा.
आत्ता मामाचा फोन आला. त्याला नवीन कवळी बसली. पुरावा म्हणून त्याने फोनवर अख्खी काकडी खाल्ली. मी एकवीस टिकांना असा पुरावा एकदा पण मागितला नव्हता.