दोन सारख्याच स्नोमोबिल

२ मार्च
ठरलं. पुढच्या हिवाळ्यासाठी बर्फावर चालवायची नवीन स्नोमोबिल. ऑर्डर महिनाअखेर बंद होते, मग हवी ती मिळत नाही. नेहमीप्रमाणे दोन सारख्याच: एक माझी, एक लॉरेटची. खोल, भुसभुशीत बर्फात एकटीनं जायचं नसतं. लॉरेटला फोन केला. बघू, म्हणाली. कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीचं 'बघू' म्हणजे हो.

५ मार्च
कर्बीचं दुकान. चाकांच्या जागी सगळ्यात लांब पट्टा असलेल्या गाडीवर बसून पाहिलं. खोल बर्फात तीच तरंगते. कर्बी म्हणाला, नोरीन, हिला वळवायला जोर लागतो, आणि झाडांत रुतलीस तर? म्हटलं, लॉरेट आहे की. तो हेल्मेटं पुसत बसला. दुकानदाराला इतका निरुत्साह शोभत नाही.
बटनस्टार्ट नको. उगाच वजन वाढतं.

६ मार्च
जुनी सुरू करायला दोरी ओढताना खांदा धरला. बटनस्टार्ट हवा. वजन काही इतकं वाढत नाही.

१० मार्च
लॉरेटबरोबर वर डोंगरात गेले. मांडीएवढा ताजा बर्फ. झाडाच्या बुंध्याशी रुतले. लॉरेटनं खणून काढलं, मग फावड्यावर टेकून बराच वेळ बसून राहिली. म्हणाली, अगं, माझे गुडघे संपले. तिचा मुद्दा बरोबर आहे. जुनी फार जड आहे.
उतरताना आठवलं: सिस्टर फिलोमिनांच्या स्वयंपाकघरातला ट्रे पळवून आम्ही कॉन्व्हेंटमागच्या उतारावरून घसरायचो. पुढे मी, मला घट्ट धरून मागे ती.

१५ मार्च
लॉरेटकडे वाटाण्याचं सूप. म्हणाली, आम्ही व्हिक्टोरियाला मुलीकडे चाललोय, कायमचे. समुद्राकाठी बर्फ नसतो, गुडघ्यांना बरं. म्हटलं, मग शनिवार-रविवार येत जा. तिचा नवरा व्हर्न म्हणाला, फेरीबोट धरून अख्खा दिवस लागतो, बाई. लॉरेट म्हणाली, नोरीन, ऐकते आहेस ना? म्हटलं, ऐकतेय, टर्बो इंजिन घ्यायचं की नाही तेवढं सांग. व्हर्न म्हणाला, घे, निदान त्याच्या आवाजानं तरी कान उघडतील.

२१ मार्च
किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी: बर्फाचा कडा कोसळला तर फुगून माणसाला वर तरंगत ठेवणारी पाठपिशवी विकणे आहे. खाली लॉरेटचा नंबर. नवीन घेणार असेल. पण ही तिला लाभली आहे, म्हणून कर्बीला मध्ये घालून मीच गुपचूप विकत घेतली. वाढदिवसाला तिलाच देईन.

२८ मार्च
पट्टा लांब की आखूड, अजून ठरत नाही. बुधवारी वर जाणाऱ्या गटाला सहज विचारून ठेवलं. मावशी, या की, म्हणाले, पण आधी नवशिक्यांबरोबर थोडा सराव करा. यांच्या आयांना या डोंगरावरचा रस्ता मी दाखवलाय. असो. लॉरेट येणारच आहे.

३१ मार्च
लॉरेटनंच दुकानात नेलं. मी कर्बीला म्हटलं, दोन. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, एक लिही. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, वेडे, तू बर्फाखाली असशील आणि माझ्यानं खणवणार नाही, तेव्हा मी काय वर उभी राहून बघत बसू?

कर्बीनं रंग विचारला. इतकी वर्षं आम्ही धुक्यात एकमेकींना लांबून दिसावं असा रंग निवडत आलो. म्हटलं, कुठलाही चालेल.