नाव पुकारू नका

३ मार्च
पोचले एकदाची. आईचं गाव, पण मुक्कामाला मी पहिल्यांदाच. मारिंका मावशीने निखाऱ्यात कांगारूचं शेपूट भाजलं आणि मला बघून म्हणाली, शहरात राहून काटकी झालीस, हे सगळं संपव. संपवलं. क्लिनिकमागची खोली छान आहे. सिस्टर ब्रॉनविन म्हणाल्या, आमची भाषा येणारं माणूस त्या दोन वर्षं मागत होत्या. माझं काम सोपं: गावातल्या गरोदर बायकांना वेळेवर शहरात तपासणीला पाठवायचं. नऊ जणी आहेत. मी खूश आहे.

५ मार्च
पहिली कुनमनारा, मावशीची नात. हे तिचं जन्मनाव नव्हे. तिच्या जन्मनावाचीच एक म्हातारी महिन्यापूर्वी वारली, म्हणून दुखवटा संपेपर्यंत ते नाव कोणी घेत नाही. जिवंत नामधारिणीला कुनमनारा म्हणतात. मीही इथे लिहिणार नाही. गेल्या वर्षी हिचं बाळ जन्मून चार तासांत गेलं. हृदयात दोष होता, आधी कोणी पाहिलाच नव्हता. या खेपेला अठरा ते बावीस आठवड्यांत सोनोग्राफी व्हायला हवी. दोष दिसला तर बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलात, डॉक्टर तयार. शहर रस्त्याने सातशे किलोमीटर, आणि क्लिनिकची गाडी मेपर्यंत गॅरेजात. विमान पंधरवड्याला एकदा. पहिलं सतराला. शहरात जुनंच नाव नोंदलेलं आहे, म्हणून यादीवर मी गुलाबी चिठ्ठी लावली: नाव पुकारू नका.

१७ मार्च
संताप संताप झालाय. नवा वैमानिक. चिठ्ठी शहरातच कुणीतरी काढून टाकलेली. मी रक्ताचे रिपोर्ट आणायला क्लिनिकात पळाले, तेवढ्यात त्याने धावपट्टीवर उभं राहून ते नाव तीनदा पुकारलं. बायकांनी माना खाली घातल्या, कुनमनाराने तोंड झाकलं. उत्तर कोण देणार? मी परत येईपर्यंत विमान वर. चूक माझी. त्याला आधी जाऊन सांगायला हवं होतं.

१९ मार्च
नवी तारीख मागायला शहरातल्या हॉस्पिटलात फोन केला. क्लार्क म्हणाली, कशाला? पेशंट आली होती, तपासणी झाली.
मला हसू आलं. ती माझ्यासमोर बिस्किट खात होती! मग विमानाचा कागद मागवला. प्रत्येक प्रवाशाचं वजन लिहितात त्यावर. त्या नावापुढे बरोबरची खूण, वजन शून्य. क्लार्क म्हणाली, टायपिंगची चूक असेल.

२४ मार्च
रिपोर्ट आला. फोटो अख्खा काळा. खाली शेरा: समाधानकारक.
हा फोटो कोणी बघितला तरी का? हॉस्पिटलातले साहेब म्हणतात, एका गरोदरपणात ही तपासणी एकदाच. नाव बदलायला जन्मदाखला हवा, दाखल्याला सहा आठवडे. पोटातलं मूल सहा आठवडे थांबणार आहे का? ब्रॉनविननीही फोनवर आवाज चढवला. उपयोग शून्य.
मावशीला सांगितलं तर ती चुलीपुढून उठलीच नाही.
“नाव घेऊन बोलावलंत. माणूस येणारच की. गेलेलीला वाटेला लागू द्यायचं, तर तुम्ही तिला रांगेत उभं केलंत.”

३१ मार्च
विमान आलं, गेलं. तपासणी झालेलीला जागा नाही म्हणे. कुनमनारा बाकावर बसून म्हणाली, “ताई, मागच्या वेळी पण सगळे ठीक आहे, ठीक आहे म्हणत होते.” मला रडू आवरलं नाही.

७ एप्रिल
शहरातल्या यंत्राचा रोज दहाला फोन येतो. ते नाव घेतं, पुढच्या भेटीची आठवण देतं. कितीदा सांगितलं, बंद करा. बंद होत नाही.
फोन झाला की बाहेरचा बाक करकरतो. आज उठून बघितलं. कोणी नव्हतं. बाक मधोमध दबलेला.

१० एप्रिल
बायका यायच्या बंद झाल्या. आठही जणी. ज्या क्लिनिकात गेलेलीला हाक मारतात तिथे कोण येईल? मी तरी आले असते का? ब्रॉनविन आजारी रजेवर. मी एकटी.
बाक आज दाराजवळ होता. मी हलवला नव्हता.

१३ एप्रिल
शेवटचा उपाय. साहेब म्हणाले, खास बाब म्हणून उद्याची जागा देतो, पण ओळख पटवायला पूर्ण नाव तोंडाने म्हणायचं. फोनवर. मी नाही म्हटलं. विनवलं. नियम म्हणे.
दार लावलं. खिडकीतून कुनमनारा दिसत होती, अंगणात, सावलीला. तिच्यासाठी —
घेतलं नाव. पूर्ण.
माझ्या मागून कोणीतरी “हं” म्हणालं.
साहेब म्हणाले, छान, पेशंट सोबतच आहेत. जागा पक्की.
खोलीत मी एकटी होते. एकटीच —

१४ एप्रिल
धावपट्टी. वही गुडघ्यावर. आज बावीस आठवडे पुरे. जागा एकच.
वैमानिकाला आधीच गाठलं. नाव पुकारू नकोस, ही मुलगी, हिलाच बसव. तो म्हणाला, पुकारायचं कशाला, त्या बाई तर केव्हाच येऊन बसल्यात.
दार लावतोय —
बडवलं. ओरडले. पंखा सुरू —
कुनमनारा इथेच आहे. बॅग पोटाशी धरून. विचारतेय, ताई, पुढचं विमान कधी? काय सांगू हिला, पुढचं —