हर्सूलच्या रामकिसनचे सहा बोर्ड

तीर्थरूप काकासाहेब मामांस,

बद्रीनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी दिलेलं तेल लावता, का नुसती बाटली उशाशी ठेवता (मला ठाऊक आहे)? इकडं आम्ही सगळे जिवंत आहोत. हे वाक्य नेहमीसारखं सहज लिहिलेलं नाय.

चितेगावच्या कारखान्यातून घरी आलो की मी सर्किट बोर्डांचे नकाशे काढत बसतो, हे तुम्ही जाणताच. पाणी संपलं की मोटार आपोआप बंद करणारा बोर्ड मी उन्हाळ्यात तयार केला आणि त्याचा नकाशा इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवला. लोकांनी लई वाहवा केली. (प्रत्येक वाहवा मी तुमच्या भाचेसुनेला, सरूला, वाचून दाखवली. तिनं प्रत्येक वेळी भाजी परतली.) एक बोर्ड घरच्या बोअरलाही बसवला. परवा मंगळवारी सकाळी सरूनं मोटार चालू करायला त्या लोखंडी पेटीला हात लावला आणि किंचाळून मागं पडली. हात कोपरापर्यंत बधिर. पायात चप्पल होती म्हणून वाचली. मेन बंद करून पेटी उघडली तर चूक समोरच: कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकाला खेटून मी करंटची रेघ नेली होती. स्क्रू आवळला की तो रेघेवर चावणार आणि पेटीभर करंट. चूक स्क्रूची नाय, माझीच.

सरू भिंतीला टेकून हात चोळत म्हणाली, "हा नकाशा अजून किती जणांनी नेलाय?"

मी तिथंच फोन काढून मोजलं.

एकोणीस जणांनी नेला होता. नकाशा काढून टाकला, सगळ्यांना कळवलं. दुपारपर्यंत अठरा उत्तरं आली (दोघांनी शिव्या दिल्या, त्या बऱ्या वाटल्या). एकोणिसावा गप्प. त्यानं मागं लिहिलेलं मी एवढंच वाचलं होतं: 'सहा बनवलेत. रामकिसन, हर्सूल.' ना फोन, ना पत्ता.

घरचा बोर्ड पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली. हर्सूलचा टपरीवाला म्हणाला, "कोणता रामकिसन? जेलच्या आतला का बाहेरचा?" मला काय सुचलं कोण जाणे, मी सरळ जेलच्या फाटकावर गेलो आणि घाम पुसत शिपायाला सांगितलं, सहा पेट्या आहेत, हात लावला की माणूस जाईल, घाई करा. त्यानंतर पाऊण तास मला बाकावर बसवून ठेवलं. समोर घड्याळ. मिनिटामिनिटाला मला कुणीतरी बाई ओल्या हातानं पेटीकडं जाताना दिसायची. शेवटी एका हवालदारानं माझी पिशवी उपसली, बोर्ड उलटापालटा केला आणि म्हणाला, "हे तर रामकिसन रेडिओवाल्याकडचं काम. तलावाकडच्या गल्लीत जा."

दार साठीच्या एका बाईंनी उघडलं. हातात गरम सोल्डरिंग गन. मी ओरडलोच, "रामकिसनराव कुठायत? पेट्यांना हात लावू नका!"

"त्यांना जाऊन चार वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "नाव त्यांचं, हात माझा. मी मनकर्णाबाई. बस आधी, पाणी पी."

सहाही बोर्ड टेबलावर होते. नकाशा त्यांनी नव्यानं काढलेला, रेघ भोकापासून बोटभर लांब नेलेली. "तुला तीन आठवड्यांमागंच लिहिलं होतं की."

व्हय, लिहिलं होतं मामा. वाहवांच्या खाली. मी वाहवा संपल्या की वाचणं थांबवतो. तिथंच टेबलाशी मला रडू आलं. बाईंनी मान वर केली नाय, काम करत राहिल्या. लई उपकार वाटले. सरूचा हात डॉक्टरांनी तपासला, आता ठीक आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
बद्रीनाथ

ता. क. : मंगळवारपासून विहिरीवर लाइट नाय असं मामी सांगतायत, ते खोटं आहे. लाइट आहे. मी बसवून दिलेली तुमची पेटी त्याच नकाशाची. सगळ्यांत आधी फोन मी मामींनाच केला होता. त्यांनी मेन पाडून फ्यूज काढले आणि पदराला बांधून ठेवलेत. फोनवर तुम्ही माझं 'हॅलो' ऐकलं की ठेवून देता, म्हणून हे पत्र पैठणच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडं देतोय. रविवारी येतो. तोवर फ्यूज मागू नका, मामींवर रागावू नका. मोसंबी तहानली तर शिव्या मला.

ता. क. दुसरा : रविवारी मनकर्णाबाई येतायत. दुरुस्त बोर्ड त्याच बसवतील. मला पिशवी धरायला नेणार आहेत, तेही सरूनं शब्द टाकला म्हणून.