साधी सर्दी

४ नोव्हेंबर, विनिपेग
आजपासून मुक्काम रुग्णालयासमोरच्या पालकगृहात. खोली छोटी, पण खिडकीतून माझ्या लेकीचा, ब्रिनचा मजला दिसतो. नव्या अस्थिमज्जेनं जीव धरलाय, प्रतिकारशक्ती यायला मात्र काही महिने लागतील, असं डॉक्टर फ्रीझनबाई म्हणाल्या. ब्रिन आणि मी खुशीत! शेजारच्या खोलीतली लोर्ना पेरोगी, बटाटा भरलेल्या करंज्यांसारखं काही, तळत होती. ताटली पुढ्यात सरकवून म्हणाली, खा गं, इथं उपाशी आयांचा काही उपयोग नाही. तिचा मुलगा वायटही ब्रिनसारखा सहाच वर्षांचा. तो आणि ब्रिन काचेआडून एकमेकांना जिभा काढून दाखवतात.

९ नोव्हेंबर
ब्रिनचं नाक वाहतंय. वायटचंही. दोघांचे पडदे ओढले. मी म्हटलं, साधी सर्दीच ना? फ्रीझनबाई म्हणाल्या, इतर पोरांना साधीच. या पोरांच्या अंगात विषाणूला अडवणारं कुणी नाही, तो वाटेल तिथं जातो. कुठं, विचारलं. यकृतात गेला तर कठीण, म्हणाल्या.

१३ नोव्हेंबर
वायटचे डोळे पिवळे. लोर्ना म्हणाली, दिव्यामुळं तसे दिसतात. मी हो म्हटलं.

१५ नोव्हेंबर
वायट गेला. लोर्नानं फ्रिजमधले तिचे डबे मला देऊन टाकले. रडली नाही. मीही नाही. ब्रिनला सांगितलं नाही. ती बंद पडद्याकडं बघून जीभ काढत होती.

१६ नोव्हेंबर
ब्रिनचे डोळे. दिव्यामुळं नाही.
औषध लागू पडत नाहीये. या विषाणूशी लढलेल्या कुणा धडधाकट माणसाच्या पेशी टोरांटोहून यायच्यात. बर्फामुळं विमान अडकलंय.

१८ नोव्हेंबर
सुई टोचलेल्या जागी रक्त थांबत नाही. यकृत बंद पडत चाललंय, विष डोक्यात चढतंय, फ्रीझनबाई म्हणाल्या.
ब्रिननं मला बाई म्हणून हाक मारली. अगदी अदबीनं. विचारलं, माझी आई कधी येणार?
सांगितलं, निघालीय.

१९ नोव्हेंबर
पेशी आल्या. एवढीशी पिशवी. थेंब — थेंब —
लागू पडल्या तर कळायला वेळ लागेल. तेवढा वेळ —

२० नोव्हेंबर
डोळे उघडले. हळदीसारखे. माझा हात हातात घेतला. हसली. विचारलं, बाई, तुमची मुलगी बरी झाली का?
मी म्हटलं, हो गं, ती —