ताईताखालची कांडी

सोनाळा,
१९ नोव्हेंबर २०२४

काजल पोरी, अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे. तू अन् माही नात लहानी बऱ्या असान. कापसाची दुसरी वेचणी चालू हाय, बोंडात यंदाबी अळी. फोनवर शिवम कान देऊन असते, म्हणून चिठ्ठी बेबीताईजवळ देऊन राह्यली. ती दवाखान्याची आशा सेविका असली तरी तिचाबी मले भरोसा नाही, म्हणून डिंकानं चिकटवली.

त्या सोमवारी पोरगा व्हावा म्हणून तुह्या डाव्या दंडाले ताईत बांधला, तवा कातडीखाली काडीवानी काही लागलं. तू म्हणली, "काटा गेला होता." काटा एवढा सरळ असते काय वं? मले वाटलं, कोणीतरी करणी करून अंगात काही घातलं. मीच शिवमले सांगतलं. त्यानं तुले लहानीसंगट माहेरी धाडलं, ते माह्याच बोलण्यावरून.

मग बेबीताईले चुलीजवळ बसवून खोदून इचारलं. ती म्हणे, दिवस न जाण्याची कांडी हाय, तीन वर्षांची. काजलनं स्वतः बसवली, काढली की पोर होते. मी म्हणलं, बियाणंवालाबी सांगे, बीटी कापसाले बोंडअळी लागत नाही! आता पाह्य म्हणा वावरात येऊन.

पण लहानीच्या वेळी तुले चार बाटल्या रक्त लागलं, ते या डोळ्यांनी पाह्यलं मी.

एक गोष्ट आजवर कोणाले सांगतली नाही. शिवमच्या पाठीवर माही दोन लेकरं गेली. तिसऱ्यांदा दिवस गेले तवा मी मुद्दाम कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन वावरातून घरी आली. दोन खेपा केल्या अन् पोट पाडलं. तुह्या सासऱ्याले वाटलं, पाय घसरला. मले लई भेव वाटलं होतं, काजल. मरणाचं भेव. तुलेबी तेच वाटलं असन, अन् तू मले सांगू शकली नाही.

शिवम गुरुवारी तिकडे येऊन राह्यला. कांडी कापून काढायचं मीच त्याच्या डोक्यात भरलं होतं. काल त्याले सांगतलं, "ताईतवाल्या बाबानं बजावलं, तीन वर्षं त्या दंडाले पातं लावायचं नाही, नाहीतर करणी घरावर उलटते." गपकन खाली बसला. करणीले तोबी माह्यासारखाच भेते.

ताईत तू सोडून ठेवला असशील, मले ठाऊक हाय. तो येण्याआधी बांध. बरोब्बर कांडीच्या वर.

कांडीवर माहा अजून भरोसा नाही. दंड दुखला, सुजला, तर आधी मले सांगजो.

तीन वर्षं तोंड न उघडणारी,
तुही सासू कोकिळा